हात ठेवून बोल

खोली बघायला गेले तेव्हा आक्कांनी दाराच्या चौकटीवर हात ठेवला आणि मला त्या खोलीचे अवगुणच सांगायला सुरुवात केली.

"दुपारी तापती. लई तापती. टाकीचं पानी उन्हाळ्यात हात पोळंल आसं येतंय. पावसाळ्यात मोरीचं दार फुगतंय, मंग लाथ मारावी लागती. वारा चांगला हाय. आन् मालकीन तोंडाची फटकळ हाय, ते तुला कळंलच." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आता तुजी खोड सांग."

बीडमध्ये तोवर मी बऱ्याच खोल्या पाहिल्या होत्या. कुणी जात विचारली होती, कुणी लग्नाचं विचारलं होतं, कुणी मटण शिजवायचं नाही म्हणून बजावलं होतं. खोड कुणीच विचारली नव्हती. मी गडबडले आणि खरं बोलून गेले. "मला सकाळी लवकर उठवत नाही. आणि राग आला की मी भांडी आपटते."

"आपट. पर तुजी भांडी आपट," असं म्हणून त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली.

मी तेव्हा एका मोबाइलच्या दुकानात तक्रारीच्या काउंटरवर बसत होते. गाव तेलगाव, रोज एसटीनं येऊन-जाऊन जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून खोली. काउंटरवर दिवसभर लोक माझ्यापुढं फोन आपटायचे. "मॅडम, बकवास फोन हाय तुमचा!" तुमचा म्हणे! जसा काही मीच घरी बसून विणलाय. संध्याकाळी डोकं भणाणून घरी यावं, तर आक्कांच्या ओट्यावर पुन्हा तोच बाजार. कुणी जळालेला मिक्सर घेऊन बसलेलं, कुणी रंग गेलेली साडी, कुणी तळ सुटलेला कुकर. गल्लीतली वस्तू बिघडली की आधी दुकानात जात नसे, आधी आक्कांच्या ओट्यावर यायची.

आक्का साठी ओलांडलेल्या, उंच, काटक. नऊवारी, पायात टायरच्या चपला, आणि कमरेच्या पिशवीत पान-सुपारीच्या जोडीला विजेचा टेस्टर. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोरगी पुण्याला. घरात दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या, एक माझी आणि एक क्लासमध्ये गणित शिकवणाऱ्या सरांची. शाळा त्यांनी फारशी बघितलेली नव्हती आणि कुठल्या यंत्रातलं त्यांना फार कळायचं असंही नाही. पण प्रश्न विचारायच्या! मी हजारो तक्रारी ऐकलेली बाई, मला ते प्रश्न सुचत नसत.

पहिल्यांदा पाहिलं ते मिक्सरचं प्रकरण. पलीकडच्या गल्लीतली एक बाई तणतणत आली. "जळालं मेलं. नवं कोरं हाय. फसवलं बघा दुकानदारानं."

"हात ठेव त्याच्यावर," आक्का म्हणाल्या.

"आँ?"

"मिक्सरवर हात ठेव आन् बोल. आधी तुजं सांग. काय वाटलंस ह्याच्यात?"

"चटणी."

"आनी?"

"शेंगदाण्याचं कूट."

"आनी?"

बाईनं हळूच हात उचलला. "हात काडू नगं," आक्का म्हणाल्या. बाईनं परत ठेवला. इकडंतिकडं बघितलं. "हळकुंडं," ती पुटपुटली.

ओट्यावर खसखस पिकली. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी भांडं फिरवून बघितलं, मोटर हुंगली, झाकण लावून बघितलं. "मोटर जळाली ती तुजी करनी. पर ह्ये झाकन बसत न्हाई. पयल्यापासून आसंच हुतं का?"

"पहिल्यापासून."

"मंग दुकानात जाऊन झाकनाचं सांग. मोटरीचं तोंडबी उघडू नगं."

बाई गेली, झाकण बदलून आणलं. मोटर तिनं गपगुमान आपल्या खर्चानं दुरुस्त करून घेतली आणि हळकुंडं गिरणीत नेली.

ओट्याचे कायदे असे होते. वस्तूवर हात ठेवायचा. आधी आपण ती कशी वापरली ते सांगायचं. मग तिचं एक तरी चांगलं सांगायचं. आणि मग बिघाड. तोही जो डोळ्यांनी बघितला तेवढाच. 'फसवलं', 'लुटलं', 'बकवास' हे शब्द ओट्यावर चालत नसत. "बकवास म्हंजी काय झालं? चालंना, का जळंना, का गळंना? नीट सांग की बे," असं त्या एका मिशीवाल्या पैलवानाला म्हणाल्या होत्या. बाईच्या तोंडून बे ऐकून त्याचा चेहरा असा काही झाला, की मला आत जाऊन हसावं लागलं.

मी त्यांना ऑनलाइन एक बॅटरी मागवून दिली होती, उजेडाची. चार दिवस वापरून म्हणाल्या, "ते अभिप्राय लिव्हत्यात ना, तो लिव्ह. मी सांगते." बॅटरीवर हात ठेवून त्या बोलत गेल्या, मी मोबाइलवर टाइप करत गेले. 'उजेड लांब पडतो. हातात धरायला हलकी आहे. बटण घट्ट आहे. माझं बोट म्हातारं आहे, हेही ध्यानात घ्यावं.' मी म्हणाले, "आक्का, शेवटचं कशाला? तुमचं बोट कुणी विचारलंय?"

"वाचनाऱ्याचं बोट तरनं आसलं तर? त्यानं कावून भ्यावं त्या बटनाला?"

मी ती ओळ तशीच ठेवली. पुढं कधीतरी बघितलं तर त्या अभिप्रायाखाली खूप जणांनी 'उपयोगी' म्हणून टिचकी मारलेली होती.

एकदा भांड्यांच्या एका दुकानदारानं त्यांना दिवाळीचं म्हणून स्टीलचा छान डबा पाठवला. शहाणा माणूस, त्याची गिऱ्हाइकं आक्कांच्या ओट्यावरून फिरून यायची हे त्याला ठाऊक होतं. आक्कांनी डबा उघडला, झाकला, उन्हात धरून बघितला. "लई चांगला हाय," म्हणाल्या आणि माझ्याच हाती परत पाठवला.

"चांगलाय तर ठेवा ना," मी म्हणाले. डब्यावर माझा डोळा होता, खोटं कशाला बोलू.

"ठिवला तर त्याच्या दुकानातलं समदंच मला चांगलं दिसाया लागंल. न्हाई ठिवला तर उगंच कडक वागाया लागंन. नगंच ते."

मला या बाईचं भारी कुतूहल वाटायचं. हे सगळं ती करते कशासाठी? फी नाही, मान नाही, उलट गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांच्याही शिव्या. एकदा शेंगा निवडता निवडता मी विचारलंच.

"माजा बा मेंढरं-शेरडं राखायचा," आक्का म्हणाल्या. त्यांचं माहेर लिंबागणेशच्या बाजूचं. "बाजारात जनावर इकताना त्याच्या पाठीवर हात ठिवून खोड सांगायचा. ही लाथ मारती, ही पान्हा चोरती. आन् कुनी घेतलेलं जनावर परत घिऊन आला, तर त्यानंबी तसाच पाठीवर हात ठिवायचा. आधी आपलं सांगायचं. काय चारलं, कुटं बांदलं, मारलं का. मंग जनावराचं. जनावराला बोलता येत न्हाई ना गं. त्याच्या अंगाला हात लावून लबाड बोलाया मानसाचा जीव धजत न्हाई."

"पण मिक्सरचं काय?"

"त्याला तरी कुटं बोलता येतंय?"

दुसऱ्या दिवशी मी हा प्रयोग काउंटरवर केला. एक गृहस्थ फोन आपटून ओरडत होते. मी म्हणाले, "काका, फोनवर हात ठेवा आणि बोला." त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग मॅनेजरच्या केबिनकडं. पण ठेवला हात. आणि थोड्या वेळानं आवाज खाली आणून म्हणाले, "म्हशीच्या हौदात पडलता."

पण आक्कांच्या कायद्याला एक भगदाड होतं आणि ते मला फार लवकर सापडलं. घराला लागून भिंत होती आणि भिंतीपलीकडं आक्कांचे सख्खे धाकटे दीर. पूर्वी एकच घर, एकच अंगण. मालक गेल्यावर अंगणावरून बिनसलं, वाटणी झाली आणि मधोमध भिंत उभी राहिली. तेव्हापासून बोलणं बंद. दिराचा तिथंच, घराला लागून, पत्र्याचे कूलर बनवायचा छोटा कारखाना होता, म्हणून आक्का त्यांना 'कारखानदार' म्हणायच्या, आणि ते अशा सुरात की ऐकणाऱ्याला ती शिवीच वाटावी.

"त्याचा पत्रा कागदावानी. पंका कुत्र्यावानी भुकतोय."

"तुम्ही कधी वापरलाय का त्यांचा कूलर?"

"वापरायची गरजच काय?"

म्हणजे हात न ठेवता! चांगलं एक न सांगता! माझ्या जिभेवर आलं होतं, पण गिळलं. खोली सोडायची नव्हती मला.

आणखी एक गंमत मी रोज ऐकायचे. सकाळी भिंतीपलीकडून बादलीभर पाणी ओतल्याचा आवाज यायचा. गच्चीवरून मी वाकून बघितलं होतं; कोपऱ्यात झाड नाही, रोप नाही, नुसती माती, आणि कारखानदार तिथं पाणी ओततायत. आणि तेही बीडच्या उन्हाळ्यात, नळ कधी येईल याचा भरवसा नसताना! मी आक्कांना विचारलं.

"येडं हाय ते," त्या म्हणाल्या आणि विषय बदलला. मला तेव्हाच ते जरा नवल वाटलं. आक्का कुठलाही प्रश्न असा मधेच टाकून देत नसत.

त्या उन्हाळ्यात सरांनी कारखानदारांचाच कूलर घेतला. फाटकातून तो आत येताना आक्का ओट्यावर पाठ करून बसल्या. सरांची बायको सविता माझ्याच वयाची, कमी बोलणारी, लग्न नुकतंच झालेलं. काही दिवसांनी ती रिकाम्या हातानं ओट्यावर आली. तिथं कुणाचीतरी शेगडी उघडून पडली होती. सविता हळू आवाजात म्हणाली, "आक्का, कूलरला हात लागला की झिणझिण्या येतात."

"वल्ल्या हातानं लावलं आसशील. चप्पल घालून पानी भर," आक्का म्हणाल्या आणि शेगडीकडं वळल्या. सविता थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. मी तिथंच होते.

मग ती दुपार. माझी सुट्टी होती. बादली पडल्याचा मोठा आवाज झाला आणि पाठोपाठ सरांची किंकाळी. मी धावले. सविता फरशीवर पडलेली, सगळीकडं पाणी, सरांनी कशीबशी कूलरची पिन ओढून काढलेली. डोळे मिटलेले, ओठ पांढरे. आक्कांनी तिला मांडीवर घेतलं, मी रिक्षा आणली. दवाखान्यात एक रात्र ठेवून घेतलं तिला. वाचली. कोपराला मार बसला होता, बाकी ठीक. देवाचीच कृपा, दुसरं काय म्हणू.

सर मात्र पेटले होते, आणि त्यांना कोण दोष देणार? क्लासच्या व्हिडिओंमुळं त्यांना कॅमेऱ्यापुढं बोलायची सवय होती. त्यांनी कूलरपुढं उभं राहून व्हिडिओ केला. 'हा कूलर नव्हे, मृत्यूचा सापळा आहे. मालकाला वारंवार सांगूनही त्यानं दाद दिली नाही. अशा नराधमांना धडा शिकवा.' कारखान्याचं नाव, पत्ता, सगळं. संध्याकाळपर्यंत तो बीडभर फिरला. दुसऱ्या दिवशी हातगाड्यांवर कूलर परत यायला लागले. कूलरचा धंदा म्हणजे उन्हाळ्याचे चार महिने, त्याच्यावर वर्ष निघायचं. कामगार हात बांधून बसले. कुणीतरी पाटीवर दगडही मारला. कारखानदार दारात खुर्ची टाकून बसले होते, येणाऱ्याला काही बोलत नव्हते.

सर आक्कांकडं आले. "मी ग्राहक मंचात जाणार आहे. तुमची साक्ष लागेल. तुम्ही सांगितलंत तर बीडात कुणी शंका घेणार नाही."

ते अगदी खरं होतं. आक्का 'वाईट' म्हणाल्या असत्या तर कारखान्याला त्याच दिवशी कायमचं कुलूप लागलं असतं. शेजारची एक बाई तर म्हणालीच, "आक्का, देवानंच आणून दिलं बघा तुमच्या हातात."

आक्का बराच वेळ पान चघळत बसल्या. मग म्हणाल्या, "आधी कूलर बघू द्या."

"आता काय बघायचंय? माझी बायको मरता मरता वाचली!"

"बायकूचं खरं हाय, सर. ते म्या डोळ्यांनी बघितलं. कूलरचं मला ठावं न्हाई."

आणि त्या उठल्या, चपला घातल्या, फाटकाबाहेर पडल्या आणि वळून थेट कारखान्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. भिंत झाल्यापासून पहिल्यांदा. अख्खी गल्ली मागं. मी तर सगळ्यांच्या पुढं.

"कारखानदार," त्या म्हणाल्या, "माज्या घरात मानूस पडलंय. तुमचा कूलर तुमच्या हातानं लावून दाखवा."

"वैनी..." ते खुर्चीतून उठले.  त्यांनी माणसं पाठवून कूलर आणवला, पाणी भरलं, पिन लावली. टेस्टर टेकवला, दिवा लागला नाही. मग त्यांनी पत्र्यावर सरळ तळवा ठेवला आणि ठेवूनच उभे राहिले. आक्कांनी टेस्टर लावून बघितला, मग स्वतःचा हात ठेवला.

"झिनझिनी न्हाई," त्या म्हणाल्या. थोडं थांबून पुढं म्हणाल्या, "हवा गार हाय." बघितलं ते सांगायचं, ही सवयच त्यांची. पण कारखानदारांनी चमकून त्यांच्याकडं बघितलं.

"मग माझी बायको काय नाटक करत होती?" सर ओरडले.

"न्हाई. तोच कूलर आता आपल्याकडं न्या," आक्का म्हणाल्या.

तोच कूलर सरांच्या खोलीत लावला. टेस्टर टेकवताच लालभडक पेटला.  कारखानदारांनी आधी बोर्डाकडं बघितलं, मग दारातून अंगणातल्या भिंतीकडं, आणि हळूच विचारलं, "वैनी, तुमचं अर्थिंग कुटं हाय?"

आक्कांची नजर भिंतीकडं गेली.

"आपला खड्डा एकच हुता की. माज्या अंगनात. मी रोज पानी घालतो त्याला. मला वाटलं, तुमी तुमचा येगळा केला आसंल."

म्हणजे ते पाणी! झाडाला नाही, अर्थिंगच्या खड्ड्याला. उन्हाळ्यात ती माती ओली ठेवावी लागते, नाहीतर पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत जात नाही, हात लावणाऱ्याच्या अंगात जाते. एवढं मलासुद्धा माहीत होतं. फक्त या दोन गोष्टी मी जोडल्या नव्हत्या.

आक्कांचा चेहरा मी आधी असा कधी बघितला नव्हता. "पीन काडा," त्या म्हणाल्या. "आता हात ठिवून बोला. सर, तुमी आधी."

"आक्का, मी शिकलेला माणूस आहे, हे असलं..." पण सगळे बघत होते. सरांनी कूलरवर हात ठेवला. "बायकोला शॉक बसला. हे सत्य आहे."

"हाय."

"मालकाला वारंवार सांगूनही..." सर थांबले. हात उचलायला गेले.

"हात काडू नगा, सर."

"नाही सांगितलं," सर म्हणाले. "एकदाही गेलो नाही त्यांच्याकडं. व्हिडिओत तसं म्हणायची पद्धत असते."

कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात दारातून सविता म्हणाली, "मी बोलू?" तिच्या कोपराला पट्टी होती. ती पुढं आली आणि पट्टीचाच हात तिनं कूलरवर ठेवला. "झिणझिण्या आधीपासून येत होत्या. मी सांगितलं होतं."

"कुणाला?" कारखानदारांनी विचारलं.

सविता खाली बघत राहिली. मला उत्तर ठाऊक होतं.

"मला," आक्का म्हणाल्या.

त्या चालत अंगणातल्या भिंतीपाशी गेल्या आणि तिच्यावर तळवा ठेवला. "ही भिंत माजी हाय. म्या बांदून घेतली. अर्थिंगची तार हितनं पल्याड जात हुती. वायरमन म्हनला, आक्का, ही तेवडी तोडू नका. म्या म्हनलं, त्याच्या अंगनातली मातीबी मला नगं. सोता उबं राहून तोडून घेतली. मंग ह्या पोरीनं येऊन सांगितलं. उटून टेस्टर लावला आसता तरी कळलं आसतं. समद्या बीडाचं उटून बघते म्या. माज्या घराचं हुतं म्हनून न्हाई बघितलं. वर तिलाच म्हनलं, तुजा हात वल्ला."

आवाज नेहमीचाच होता. मला रडू आलं. मी भांडी आपटणारी बाई, मला असं चारचौघांत रडायला आवडत नाही, पण आलं.

लोकांचं काय, वारा फिरला की लोक फिरले. "म्हंजी कूलर चांगलाच हाय की!" कारखान्याचे कामगार ओरडले. ज्यांनी काल कूलर परत आणले होते तेच मान डोलवायला लागले. कारखानदार सुटले होते. त्यांनी फक्त घरी जायचं होतं.

"थांबा," आक्का म्हणाल्या. हात अजून भिंतीवरच. "तार नव्हती म्हनून करंट जमिनीत गेला न्हाई. ते माजं. पर पत्र्यात करंट आला कुटनं?"

 कारखानदार उकिडवे बसले, मागची जाळी काढली, पाण्यातला पंप वर उचलला. वायरच्या जोडाची टेप सुटून लोंबत होती. तोंड आमच्याकडं नव्हतं त्यांचं. अंगठ्यानं दाबून टाकली असती तर कुणालाही दिसलं नसतं. त्यांनी पंप तसाच हातात धरून सगळ्यांना दाखवला आणि दुसरा हात कूलरवर ठेवला.

"वैनी, टेप हलकी हाय. औंदा म्याच बदलली. स्वस्त मिळाली."

"ह्या एकाच कूलरला?"

"समद्यांला."

सर मोबाइल काढून पहिला व्हिडिओ पुसायला लागले. आक्कांनी अडवलं. "पुसला म्हंजी लोकांच्या डोक्यातनं निघतोय का? ऱ्हाऊ द्या. आन् त्याच्या शेजारी दुसरा लावा." तो दुसरा व्हिडिओ आक्कांनी सांगितला तसाच सर बोलले. 'कूलरची हवा गार आहे. पंपाच्या जोडाची टेप हलकी आहे, मालक घरी येऊन बदलून देतील, तोवर पिन काढून ठेवा. या खोलीत अर्थिंग नव्हतं, ती चूक घरमालकिणीची. मी मालकाला सांगितलं होतं असं म्हणालो, ते खोटं होतं.' नराधम वगैरे काही नाही. साहजिकच हा व्हिडिओ पहिल्याइतका फिरला नाही. पण ज्यांच्या घरात तो कूलर होता त्यांच्यापर्यंत पोचला, कारण कारखानदार स्वतः तो मोबाइलवर दाखवत, टेपांची पिशवी घेऊन गल्लोगल्ली फिरले. अर्धा उन्हाळा त्यातच गेला त्यांचा. कारखाना मात्र टिकला.

भिंतीला भोक पाडून तार पुन्हा पलीकडं जोडली. दीर-भावजय गळ्यात गळे घालून रडले वगैरे काही झालं नाही. सकाळी पलीकडून पाणी ओतल्याचा आवाज आला की आक्का भिंतीकडं तोंड करून म्हणायच्या, "आजून एक बादली घाला म्हनावं, कारखानदार. माज्या वाटनीची." आणि पलीकडून खरंच आणखी एक बादली पडायची.

पण ओटा बंद झाला. लोक वस्तू घेऊन यायचे आणि आक्का आतूनच सांगायच्या, "दुसऱ्याला इचारा. माजं माप खोटं निगालं." मी समजावलं, भांडले, भांडीसुद्धा आपटून बघितली. काही उपयोग नाही. टेस्टर कमरेच्या पिशवीतून काढून त्यांनी देवळीत ठेवून दिला. पान खायचंसुद्धा कमी केलं. दिवसभर आत पडून राहायच्या, आणि मला भीती वाटायला लागली की ही बाई आता अशीच विझत जाणार.

एका सकाळी सविता आली. मी कामावर निघायच्या गडबडीत होते. ती आक्कांच्या दारात उभी राहिली, रिकाम्या हातानं, मागच्यासारखीच.

"आक्का, नळाला हात लावला की झिणझिण्या येतात."

 मी पिशवी खाली ठेवली. मग खाट करकरली. आक्का बाहेर आल्या. देवळीतला टेस्टर घेतला, चपला घातल्या.

"चल, दाखव."

मी कामाला उशीर केला, काय व्हायचं ते होवो म्हटलं. आक्कांनी नळाला टेस्टर लावला. पाइपला लावला. बोर्ड उघडून बघितला, तार कुठं गेली ते भिंतीवरून बोट फिरवत शोधलं. मोटर चालू करून बघितलं, बंद करून बघितलं. शेवटी नळावर तळवा ठेवला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ.

"न्हाई गं. नळात काईच न्हाई," त्या म्हणाल्या.

"मला माहीत होतं," सविता म्हणाली.

आक्कांनी डोळे उघडले. "मंग कावून उटवलंस?"

"तुम्ही उठता का, ते बघायचं होतं."

आता काय होणार म्हणून मी दाराच्या चौकटीला धरलं. ओट्यावर खोटी तक्रार आणली म्हणून आक्कांनी भल्याभल्यांना हाकलून लावलेलं मी बघितलं होतं. आक्का तिच्याकडं बघत राहिल्या. मग नळावरचा तो ओला हात त्यांनी सविताच्या डोक्यावर ठेवला, आणि दुसऱ्या हातानं टेस्टर परत कमरेच्या पिशवीत टाकला.